आधी सातबारा, मग वसाबी



मोबाईलवर सध्या एक नवं खूळ फिरतंय. वसाबी नावाचं जपानी पीक लावा आणि किलोला हजारो रुपये कमवा. आपली शिकलेली पोरं हे घरात दाखवतात आणि विचारतात, आपल्या डोंगरात का नाही? प्रश्न रास्त आहे. डोंगरातल्या माणसानं ज्वारी, ऊसतोड आणि मजुरीवरच जन्म काढावा, असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण उत्तर नीट द्यायला हवं. कारण अशा पिकाच्या मागोमाग जमिनीचा कागद मागणारा माणूस येतो.

वसाबी हे मोहरीच्या कुळातलं झाड. त्याचा जाड दांडा किसून तिखट चटणी करतात आणि जपानी लोक ती कच्च्या माशाबरोबर खातात. जपानात ते डोंगरातल्या झऱ्याच्या वाहत्या पाण्यात, सावलीत वाढवतात. पाणी बारमाही लागतं, स्वच्छ लागतं आणि १० ते १५ अंश इतकं गार लागतं. लावल्यापासून काढेपर्यंत दीड ते दोन वर्षं जातात. भाव मिळतो तो या सगळ्या कष्टाला. बहुतेक हॉटेलांत वसाबी म्हणून जे देतात, ते दुसरंच एक तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असतं.

आता आपला बालाघाट बघा. धाराशिव जिल्ह्यातली आपली माळरानं समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरवर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर. होळी झाली की बायाबापड्या घागरी घेऊन वणवण फिरतात. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जिथं माणसाला प्यायला पाणी नाही, तिथं पिकासाठी बारमाही गार झरा कुठून आणणार? यंत्रानं गारवा करता येतो, पण ते भांडवलवाल्याचं काम. त्यात आपण मालक राहत नाही, गडी होतो.

थंड डोंगरात खास पीक येतच नाही, असं मी म्हणत नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सगळ्यांना ठाऊक आहे. नाशिकच्या सुरगाण्यात आणि नंदुरबारच्या अक्कलकुवा तालुक्यात डाबकडे आपल्याच आदिवासी भावांनी स्ट्रॉबेरी पिकवून दाखवली. पण तिथं हवा थंड आहे, पीक त्याच हंगामात हाती येतं आणि टोपलीत घालून रस्त्यावर विकता येतं. वसाबीत दोन वर्षं हातात दमडी नाही, आणि इथं आठवडी बाजारात ते विचारणारंही कुणी नाही. गिऱ्हाईक एकच, आणि तेही लांबचं. एकच गिऱ्हाईक असलं की भाव तोच ठरवतो.

हे खूळ पहिलं नव्हे. २००० सालच्या आसपास सफेद मुसळी आली. पहिल्या पावसात आपण जिचा पाला भाजीला खुडतो, त्या फोडशीच्याच गोतातली ही मुळी. महागडं बेणं विकणाऱ्यांचे पैसे झाले. लावणारे माल घेऊन गिऱ्हाईक शोधत हिंडले. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं डिझेलसाठी मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, लावायची शिफारस केली. कुठल्या जमिनीवर? तर 'पडीक'. पण सरकारी कागदावर जी पडीक, तीच आपली गायरानं आणि चराईची रानं. त्या एरंडाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पीक कुठलंही असो, आधी जमिनीचा हक्क पक्का करा. वनहक्क कायदा २००६ चा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला ४ हेक्टरपर्यंत हक्क आहे, तोही नवरा-बायको दोघांच्या नावानं. हा हक्क वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आदिवासीची सातबाऱ्याची जमीन बिगरआदिवासीला द्यायची, तर महसूल कायद्याचं कलम ३६-अ आडवं येतं. नुसता भाडेपट्टा असला तरी परवानगी लागते. गायरान कसणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांसाठी २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या अतिक्रमणांचा. तरी कित्येक पारधी कुटुंबं आजही सातबाऱ्याविना आहेत. गुन्हेगार जमातीचा शिक्का १९५२ ला कागदावरून पुसला, पण जमिनीच्या कागदावर नाव काही चढलं नाही.

तेव्हा नवं पीक घेऊन कुणी आला, तर त्याला ग्रामसभेत बसवा आणि चार गोष्टी विचारा. रोपाचे पैसे कोण घालणार? मे महिन्यात पाणी कुठून देणार? माल कोण, काय भावानं घेणार, आणि हे मराठीत लिहून देणार का? आमच्या जमिनीच्या कागदावर सही कशाला हवी? चौथ्या प्रश्नाला जो चुळबुळ करील, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि खास पीकच हवं असेल, तर घराच्या दारात बघा. उस्मानाबादी शेळीला आपल्या जिल्ह्याचंच जुनं नाव आहे. दुष्काळात तगते, जुळी करडं देते, बाजारात उभी केली की रोख पैसे. तिला गार झरा नको, गायरान हवं. बालाघाटाच्या उतारावर सीताफळ आपसूक येतं. शेजारच्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जंगलातलं गौण वनउपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क कायद्यानं आपल्याला दिलाय. चराईचा हक्कही दिलाय. हे दोन्ही सामूहिक दावे किती गावांनी भरलेत, ते आधी मोजू या.

पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय दाव्यांचा घ्या. बायांना पुढं बसवा, कारण शेळी त्या राखतात आणि सीताफळाची पाटी त्याच डोक्यावर वाहतात. जमीन हातात राहिली, तर पीक आपण ठरवू. जमीन गेली, तर वसाबी काय अन् ज्वारी काय, दुसऱ्याच्या बांधावर रोजानंच राबायचं.