बारवेत उतरायचं कुणी?

दिवाळीची पहिली अंघोळ आपल्या धाराशिव जिल्ह्यात बादलीभर पाण्यात होते, आणि बहुतेक वर्षी तेही पाणी मोजूनच. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे कुणी विसरलेलं नाही. २०२५ साली सगळं उलटं झालं. सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांतली गावं पुराने वेढली, माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं, रानातली माती वाहून गेली आणि विहिरी गाळाने भरल्या. शासनाने ऑक्टोबरात मदत जाहीर केली, तीत विहिरीला ३० हजार रुपये धरले होते. एवढ्यात विहीर उपसून तरी होते का, ते ज्याची बुजली त्याला विचारा. पण निदान त्या विहिरीला मालक आहे, तिचा पंचनामा होतो. गावच्या बारवेचं, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचं, काय? तिचा मालक सगळा गाव, म्हणजे कागदावर कुणीच नाही.

मराठवाड्यात यादवकाळापासूनच्या बारवा गावोगाव आहेत. घडीव काळा दगड, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेला. भिंतीत देवकोष्ठं, आणि पाणी कितीही खाली गेलं तरी तिथवर नेणाऱ्या पायऱ्या. शिल्पग्रंथांनी तर उतरायच्या वाटांवरून त्यांना नावंही दिली: एक वाट असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन असतील तर जया, चारही बाजूंनी उतरता आलं तर विजया. गेल्या पाच-सहा वर्षांत या बारवांना पुन्हा माणसं भेटू लागली. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभरातल्या हजाराहून अधिक बारवांची नोंद केली, महाशिवरात्रीला त्यांत दिवे लावायचा पायंडा पाडला. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातलं वालूर आणि जिंतूर तालुक्यातलं चारठाणा इथल्या लोकांनी स्वतः राबून आपापल्या बारवा मोकळ्या केल्या. वालूरची चक्राकार बारव तर आता लांबलांबून लोक बघायला येतात.

हे काम ज्यांनी कधी केलं नाही त्यांना ते झाडलोटीचं वाटतं. आधी वेडी बाभूळ तोडायची, आणि ती तोडताना सापाची वाट मोकळी ठेवायची. पिंपळ-उंबराची मुळं दगडांच्या सांध्यांत शिरलेली असतात. ती ओढली की मुळाबरोबर दगडही येतो, म्हणून कापून, हळूहळू वाळवून काढावी लागतात. मग गाळ. पायरीपायरीवर माणूस उभा करून घमेली वर द्यायची. त्या गाळात विसर्जनाच्या मूर्ती, बाटल्या, चपला, नारळ, फुटके दिवे, असं गावाने पन्नास वर्षांत टाकून दिलेलं सगळं निघतं. पाणीही एका दिवसात उपसायचं नसतं. आतला भार एकदम कमी झाला की बाहेरच्या ओल्या मातीच्या दाबाने भिंत आत येते. उत्साही मंडळींनी जेसीबी थेट काठावर आणला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. आणि एवढं करून शेवटी कुणीतरी हौसेने सांध्यांत सिमेंट भरतो, देवकोष्ठाला ऑइलपेंट देतो. तो हात वेळीच धरणारा एक खमका माणूस प्रत्येक गटात लागतो.

या कामाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. तक्रार आहे ती पुढची. बारव स्वच्छ होते, महाशिवरात्रीला हजार दिवे लागतात, ड्रोनने फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून तिथे कुणी जात नाही. मग दोन पावसाळ्यांत गाळ परत, बाभूळ परत. कारण दिवे बघायला काठ पुरतो; आत उतरायचं कारण आपण कुणालाच दिलेलं नाही. बारव ही काही नुसती बघायची गोष्ट नव्हती. गावाचं पाणी भरणं, धुणं, देवाचं स्नान सगळं तिथे होतं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बारवा, विहिरी हेच पोरांचे पोहण्याचे तलाव होते. कमरेला सोल बांधायचा, पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड, पुढे तेलाचा रिकामा डबा; काठावर काका किंवा मामा. आठवडाभराने भोपळा सुटायचा, मग मुटका मारायची पैज. या पोहण्याच्या शाळेला फी नव्हती, पण मास्तर नक्की होता.

ती शाळा बंद कशी पडली? बाहत्तरच्या दुष्काळानंतर बोअर आले, मग नळ आले, हे सगळे सांगतात. १९९३च्या भूकंपानंतर उमरगा-लोहाऱ्यातली कितीतरी गावं उठून नव्या जागी गेली, जुन्या विहिरी जुन्या गावठाणात राहिल्या. पण यामागच्या आणखी एका कारणाचं, नारू रोगाचं, नाव आता कुणी काढत नाही. पायातून हातभर दोऱ्यासारखा जंत निघायचा, तो काडीवर गुंडाळत दिवस काढलेली माणसं अजून हयात आहेत. नारूचा रोगी पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहिला की जंताची पिल्लं पाण्यात पडत आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या पोटात जात. म्हणून निर्मूलन मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरींची वाट बंद करून पाणी वरून ओढायला लावलं गेलं. ते बरोबरच होतं. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली सापडला, २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. कारण संपलं, पायऱ्या मात्र बंदच राहिल्या.

दरम्यान पाणी दुसरीकडे साठलं. २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर रानोरान तळी झाली. ती हवीच होती, द्राक्षाच्या बागा त्यांवर तरल्या. पण तीन मीटर खोल तळं, त्याला उतरते काठ आणि त्यांवर गुळगुळीत प्लास्टिक. ना पायरी, ना धरायला दगड. पाय घसरलेलं पोर पोहता येत असलं तरी वर चढू शकत नाही, आणि आता पोहता तरी कुणाला येतं? दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन भावंडांची, मायलेकांची बातमी येते. देशात दरवर्षी ३० हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. पाण्याला कुंपण घालायलाच हवं, तळ्यात दोर सोडायलाच हवा. पण पोहणं शिकवायला नको का?

वापर डोळ्यांपुढे ठेवून दुरुस्ती कशी होते, ते पाहा. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळ पेन्झन्स गावात समुद्रकाठी १९३५ सालचा उघडा जलतरण तलाव आहे. २०१४च्या वादळात तो फुटला. गावकऱ्यांनी पाठपुरावा केला, २०१६ मध्ये तो पुन्हा उघडला, आणि पुढे लोकांनी भाग विकत घेऊन तो आपल्या संस्थेच्या ताब्यात घेतला. तिथे तिकीट आहे, जीवरक्षक आहेत, उपाहारगृह आहे. दुरुस्तीच्या पहिल्याच दिवसापासून त्यांना ठाऊक होतं की तो पोहण्यासाठी दुरुस्त होतो आहे. आपल्याकडे ‘दुरुस्ती कशासाठी?’ नेमका हाच प्रश्न विचारायचा राहतो.

प्रत्येक बारवेत पोहावं असं आम्ही म्हणत नाही. तुळजापूरचं कल्लोळ तीर्थ हे तीर्थच राहील. ज्या बारवेचं पाणी गाव पितं ती सोडावी, जिची भिंत फुगली आहे ती आधी जाणकाराला दाखवावी. बाकीच्यांतल्या एखाद्या तरी बारवेत एप्रिल-मे मध्ये सकाळचे दोन तास ठरवावेत, पाणी तपासून घ्यावं, दोर आणि ट्यूब ठेवाव्यात, पोहणारा माणूस काठावर बसवावा आणि त्याला मानधन द्यावं. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी. जुन्या शाळेत त्यांना फारसा प्रवेश नव्हता. आणि आणखी कुणाला नव्हता, तेही स्पष्ट बोलावं. महाडचं चवदार तळं १९२७ साली दलितांच्या पाण्याच्या हक्कासाठी गाजलं, ते बारवांनाही लागू होतंच. बाबासाहेब आंबेडकर १९४१च्या फेब्रुवारीत परिषदेसाठी आपल्याच कसबे तडवळ्याला आले होते. त्याच या जिल्ह्यात बारव पुन्हा उघडायची, तर ती सगळ्यांसाठी उघडली पाहिजे. नाहीतर गाळ काढूच नये.

  वाचकांना एक विनंती: आपल्या गावच्या बारवेचा आजचा फोटो आम्हाला पाठवा, कचऱ्याने भरलेली असेल तर तसाच. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तिचा विषय मांडा आणि काठावर बसणाऱ्याच्या मानधनाची तरतूद ठरावात लिहून घ्या.  महाशिवरात्रीला दिवे लावायला याल तेव्हा घमेलंही घेऊन या.