नेपल्सच्या भट्ट्या

परमुलखात गेलेल्या गृहस्थाने तेथील देवळे, राजवाडे आणि चित्रशाळा पाहाव्यात हे योग्यच आहे. परंतु त्या मुलखातील माणसे रोज काय खातात, किती पैशांत खातात आणि कोणाच्या शेजारी बसून खातात, हे पाहिल्यावाचून प्रवास पुरा झाला असे म्हणता येत नाही. आपल्यापैकी पुष्कळ घरांतील मुलेमुली आज युरोपात शिकावयास अथवा नोकरीस आहेत आणि त्यांच्या निमित्ताने वडीलधारी मंडळीही तिकडे जाऊन येतात. इटलीच्या यात्रेत रोम, फ्लोरेन्स व व्हेनिस ही तीन क्षेत्रे बहुधा होतात. दक्षिणेकडील नेपल्स मात्र गर्दीचे व गोंगाटाचे शहर म्हणून वगळले जाते. ज्या पदार्थाने आपल्या घरातील नातवंडांस वेड लावले आहे, त्या पिझ्झाचे माहेर हेच शहर. तेथील पिझ्झाची दुकाने कशी पारखावी, हा ह्या महिन्याचा विषय. आणि पारखताना नेमके काय पारखावे, हा त्याच्या पोटातील अधिक महत्त्वाचा प्रश्न.

पहिली गोष्ट ही की, परीक्षा साध्या पदार्थावर करावी. ज्यास स्वयंपाकाची जाण आहे तो गृहिणीचा हात श्रीखंडावरून ओळखीत नाही; साध्या वरणावरून आणि घडीच्या पोळीवरून ओळखतो. नेपल्समधील जाणती माणसेही असेच करतात. तेथील जुन्या मताप्रमाणे अस्सल प्रकार दोनच. पहिला ‘मरिनारा’: टोमॅटो, लसूण, ओरेगानो नावाची सुगंधी पाने आणि ऑलिव्हचे तेल. ह्या नावाचा संबंध खलाशांशी असला तरी त्यात मासळी नसते. दुसरा ‘मार्गेरिता’: टोमॅटो, मोझ्झारेल्ला हे ताजे चीज, आपल्या तुळशीच्या कुळातील बेझिलची पाने आणि तेल. पाटीवर सहा प्रकार असोत की साठ, प्रथम ह्या दोहोंपैकी एक मागवावा. जेथे झाकावयास काही नसते तेथेच पीठ, भट्टी आणि हात ह्यांची खरी पारख होते.

आता हात कसा ओळखावा ते पाहू. पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट ह्यांवाचून काही पडत नाही. तेल नाही, साखर नाही. पीठ मळून काही तास फुगू देतात आणि त्याचे सुमारे दोनशे-अडीचशे ग्रॅमचे उंडे करून ठेवतात. उंडा लाटण्याने लाटावयाचा नाही, हा तेथील मुख्य नियम. कारागीर बोटांच्या दाबाने मधली हवा कडेकडे सारतो. त्यामुळे मध्य पातळ राहतो आणि कड भट्टीत टम्म फुगते. लाकडांवर तापलेल्या घुमटाकार भट्टीतील उष्णता ४३० ते ४८५ अंश सेल्सियस असते आणि पिझ्झा आत राहतो तो अवघी ६० ते ९० सेकंद. इतक्या अल्प काळात पिठातील पाणी सारे उडून जात नाही. म्हणून मधला भाग मऊ व ओलसर राहतो आणि कडेवर भाकरीवर उठतात तसे काळसर डाग उठतात. मोठ्या कंपन्यांच्या कुरकुरीत पिझ्झाची सवय झालेल्यास हा प्रथम कच्चा वाटतो. तो कच्चा नव्हे. कड चिमटीत दाबून सोडली असता ती पुन्हा वर आली आणि आतून कापसाच्या पेळूसारखी हलकी निघाली, की हात चांगला समजावा. कड बिस्किटासारखी मोडली, तर दुकानाचे नाव कितीही जुने असो, मनातल्या मनात गुण कमी करावे. शिवाय हे खाणे गरम असतानाच खावे; गार झालेला पिझ्झा वातड होतो आणि मग दोष कारागिराचा राहत नाही.

दुकाने हिंडण्यास दोन दिवस पुरतात, आणि ती पायीच हिंडावी. जुन्या शहराच्या मध्यातून ‘व्हिया देई त्रिब्युनाली’ नावाचा अरुंद रस्ता जातो. त्यावर १९३५ साली स्थापन झालेले सोर्बिल्लो आणि १९३६ सालचे दि मात्तेओ ही दोन दुकाने जवळजवळ आहेत. दि मात्तेओच्या दारात काचेच्या पेटीतून लहान पिझ्झा विकतात. तो चार घड्या घालून कागदात गुंडाळून देतात आणि लोक चालता चालता खातात. ह्या प्रकारास तिकडे ‘पैशाच्या पाकिटासारखा’ असे नाव आहे. आपल्या घडीच्या पोळीची आठवण व्हावी असेच ते रूप. १९९४ साली अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन ह्या शहरी आले असता त्यांनीही येथील पिझ्झा असाच उभ्याने खाल्ला. सोर्बिल्लो घराण्याची हकीकत एकत्र कुटुंबातील वाचकांस विशेष रुचेल: मूळ जोडप्यास एकवीस अपत्ये झाली आणि एकवीसही जणांनी हाच धंदा केला, असे ते घराणे अभिमानाने सांगते. त्यांतील थोरली कन्या एस्तेरीना. तिच्या भाच्याने तळलेल्या पिझ्झाची जी दुकाने काढली त्यांवर ‘एस्तेरीना आत्या’ ह्याच अर्थाचे नाव आहे.

दुसऱ्या दिवशी पोर्ताल्बा ह्या वेशीजवळचे त्याच नावाचे दुकान पाहावे; आपला उगम १७३८ सालच्या फेरीवाल्यांच्या पुरवठ्यात असल्याचे ते सांगते. तेथून वर मातेरदेई ह्या वस्तीत गेल्यास १९०१ सालचे स्तारिता लागते. दा मिकेले हे दुकान चालविणारे घराणे १८७० पासून ह्या धंद्यात आहे. तेथे वर्षानुवर्षे वर सांगितलेले दोनच प्रकार मिळत असत आणि त्याच हट्टावर त्याची कीर्ती उभी राहिली. दाराशी क्रमांकाची चिठ्ठी घेऊन रस्त्यावर तिष्ठावे लागते. तेव्हा बरोबर वृद्ध मंडळी असल्यास जेवणाच्या वेळेपूर्वीच जावे.

शाकाहारी वाचकांसाठी दोन शब्द येथेच सांगतो. मोझ्झारेल्ला दोन तऱ्हेचे असते: गायीच्या दुधाचे आणि म्हशीच्या दुधाचे. कंपानिया प्रांतात म्हशी पुष्कळ असून त्यांच्या दुधाचे मोझ्झारेल्ला अधिक मोलाचे मानतात, हे वाचून आपल्याकडील म्हशीच्या दुधाच्या अभिमान्यांस समाधान वाटेल. परंतु ते दूध फाडण्यास वासराच्या जठरातील रस वापरतात. ज्यांस तो चालत नाही त्यांनी मरिनारा घ्यावा. त्यात दूधही नाही आणि मांसही नाही. लसूण वर्ज्य असल्यास तसे आधीच सांगावे. तळलेल्या पिझ्झाच्या पोटात मात्र बहुधा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे असतात. विचारल्यावाचून तो तोंडात घालू नये.

इतके झाले दुकानांविषयी. परंतु ह्या पदार्थाचा इतिहास पाहिल्यावाचून त्याची खरी पारख होत नाही, कारण तो इतिहास बव्हंशी तिरस्काराचा आहे. टोमॅटो हे फळ अमेरिकेतून आले आणि आपल्याकडील मिरची-बटाट्याप्रमाणे पुष्कळ काळानंतर घरचे झाले. नेपल्समधील मजूर, कोळी व हमाल हे स्वस्त अन्न रस्त्यातच खात. चूल पेटविण्याइतकी जागाही त्यांपैकी कित्येकांच्या खोलीत नसे. पुढे तारायंत्रामुळे प्रसिद्धीस आलेला मोर्स १८३१ साली तेथे गेला असता त्यास हा पदार्थ किळसवाणा वाटला. लहान मुलांच्या लाडक्या पिनोकिओचा जनक कोल्लोदी ह्याने १८८६ साली पिझ्झाचे वर्णन जवळजवळ घाणीचे चित्र काढावे तसे केले. नेपल्सचे दैन्य जवळून पाहणारी लेखिका मातिल्दे सेराओ १८८४ साली लिहिते की, एका पिझ्झावाल्याने रोममध्ये दुकान काढले, थोडे दिवस नवलाईने चालले आणि अखेर बुडाले. शे-सव्वाशे मैलांवरच्या आपल्याच राजधानीत ज्याला कोणी विचारले नाही, तो पदार्थ आज साऱ्या जगात पोहोचला आहे.

ह्या बदलाचे श्रेय सामान्यतः एका राणीस देण्यात येते. १८८९ साली राणी मार्गेरिता नेपल्स येथे असता राफाएले एस्पोझितो नावाच्या कारागिराने तिच्यापुढे तीन पिझ्झा ठेवले. तांबडा टोमॅटो, पांढरे चीज व हिरवी पाने ह्यांनी राष्ट्रध्वजाचे रंग दाखविणारा तिला आवडला, आणि त्यास तिचे नाव पडले, ही ती कथा. ब्रांदी नामक दुकानात राजवाड्यातून आलेले आभारपत्र भिंतीवर लावले आहे. अलीकडे संशोधकांनी त्या पत्राच्या खरेपणाविषयी शंका काढल्या आहेत, आणि टोमॅटो व मोझ्झारेल्ला पिझ्झावर घालण्याची चाल त्याआधीचीही दिसते. तरी कथा टिकली, ह्याचे मला नवल वाटत नाही. गरिबाच्या अन्नास मान द्यावयाचा तर त्यावर राजघराण्याची मोहोर हवी, ही समजूत इटलीतच आहे असे नाही. आपल्याकडेही झुणका-भाकर शेतावर असते तोवर ती दारिद्र्याची खूण, आणि महागड्या उपाहारगृहात पितळी ताटात आली की ‘परंपरा’!

मोहोर उठविण्याचे काम पुढे राजांकडून संस्थांकडे आले. १९८४ साली नेपल्समधील कारागिरांनी मंडळ स्थापून अस्सल पिझ्झाचे नियम ठरविले. २०१० साली युरोपीय संघाने त्याची परंपरागत पदार्थ म्हणून नोंद केली. आणि २०१७ साली युनेस्कोने पिझ्झा करण्याची नेपल्समधील कला मानवजातीच्या वारशात समाविष्ट केली. युनेस्कोने गौरव केला तो पदार्थाचा नव्हे, कलेचा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भट्टीपाशी उभे राहून, गुरूचा हात पाहून शिकावयाची ही विद्या आहे. आपल्या आजीची पुरणाची कणीक जशी पुस्तकात सापडत नाही तशीच.

परंतु नियम आकार सांगू शकतात, उष्णता सांगू शकतात. पदार्थ कोणाच्या तोंडी पडावा हे सांगू शकत नाहीत. ते नेपल्सच्या जुन्या चालींनी सांगितले आहे. तेथे ‘आज खा, आठवड्याने पैसे दे’ अशा उधारीचा पिझ्झा असे आणि त्याचे नावच ‘आजपासून आठवा’ अशा अर्थाचे होते. १८४३ साली नेपल्सविषयी लिहिताना फ्रेंच कादंबरीकार ड्यूमा ह्याने त्याचा अर्थ ‘आठ दिवसांचा शिळा पिझ्झा’ असा केला. उपाशी माणसास वाणी आठ दिवस थांबतो, हे त्या धनवंताच्या ध्यानी आले नसावे. दुसऱ्या महायुद्धात शहरावर भयंकर बाँबवर्षाव झाला, लाकूड आणि चीज दुर्मिळ झाले, तेव्हा गल्लीतील बायका दारात कढई ठेवून पिझ्झा तळू लागल्या आणि तोही ह्याच उधारीवर विकू लागल्या. दे सीका ह्याच्या १९५४ सालच्या ‘लोरो दि नापोली’ ह्या चित्रपटात सोफिया लॉरेनने अशीच पिझ्झावाली उभी केली आहे. आजही काही दुकानांत गिऱ्हाईक आपल्या पिझ्झाबरोबर आणखी एकाचे पैसे भरून ठेवते. पुढे कोणी गरजू आला तर त्यास तो मिळतो. देणाऱ्यास घेणाऱ्याचे नाव कळत नाही, आणि घेणाऱ्यास कोणापुढे वाकावे लागत नाही. पुण्यात शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी सात घरी वार लावून जेवत असे, ही हकीकत ज्यांच्या घरात अजून सांगितली जाते त्यांस ह्या चालीचे मोल अधिक समजावून सांगावयास नको. आपल्या वारात मात्र जेवणाऱ्यास यजमानाचे तोंड रोज पाहावे लागे आणि पंक्तीत कोणास घ्यावयाचे हे जात पाहून ठरे. नेपल्सच्या चालीत ह्या दोन्ही गोष्टी नाहीत.

२०२२ साली इटलीत एका धनाढ्य उपाहारगृहवाल्याने, चार-पाच युरोंत चांगला पिझ्झा परवडतोच कसा, असा जाहीर प्रश्न केला. त्याच्या स्वतःच्या दुकानांत काही पिझ्झांची किंमत साठ युरोंच्याही वर होती. नेपल्सचे कारागीर त्यावर उसळून उठले. बाहेरच्यांस ते भांडण क्षुल्लक वाटले असेल. मला ते अत्यंत महत्त्वाचे वाटते. नेपल्समध्ये पर्यटक वाढत आहेत, जुन्या वस्तीतील घरे पाहुण्यांच्या भाड्याने जात आहेत आणि भट्ट्यांपुढील रांगांत परक्या भाषा अधिक ऐकू येत आहेत. चव जशीच्या तशी राहील, नियमही पाळले जातील, आणि तरीही ज्या हमालासाठी हा पदार्थ जन्मास आला तो रांगेत दिसेनासा होईल, हे भय खोटे नाही.

म्हणून वाचकांपैकी जे कोणी त्या शहरी जातील त्यांनी पिझ्झाची कड दाबून पाहावीच. परंतु आजूबाजूच्या मेजांवर कोण बसले आहे तेही पाहावे. शेजारी गवंडी, विद्यार्थी, पोराबाळांसह आलेली आई दिसली तर ते दुकान चांगले आहे असे खुशाल समजावे. आणि निघताना एका जास्त पिझ्झाचे पैसे भरून ठेवता आले, तर ठेवावे.