कादंबरीतला रविवर्मा आणि भिंतीवरचा रविवर्मा



आमच्या बडोद्यातल्या वाचनगटात सध्या चित्रकारांवरची पुस्तकं चालू आहेत. आठ-दहा जण, महिन्यातला एक रविवार, कुणाच्या तरी घरी चहा आणि सेव-उसळ. या वेळी होती रणजित देसाईंची 'राजा रविवर्मा'.

मी इंग्रजी माध्यमातला. मराठी वाचायला मला वेळ लागतो. तरी रोज रात्री वीस पानं वाचून पुस्तक संपवलं आणि रविवारी मोठ्या उत्साहात रविवर्मांच्या आयुष्यातले प्रसंग सांगू लागलो. गटातले सर्वांत ज्येष्ठ काका शांतपणे म्हणाले, "हे घडलं होतं, की देसाईंनी लिहिलंय?"

मी गप्प! ऑफिसात पुरावा मागितल्याशिवाय एक बग मान्य न करणारा मी, इथे कादंबरीतले संवादही इतिहास समजून बसलो होतो.

मग काकांनीच नोंद असलेल्या गोष्टी सांगितल्या. दिवाण टी. माधवराव आधी त्रावणकोरला होते, त्यांच्यामुळे रविवर्मांचा बडोद्याशी संबंध आला. सयाजीरावांनी नव्या लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडून 14 पौराणिक चित्रं करून घेतली. 1894 मध्ये रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यातले देव घराघरांत पोचले. एक काकू म्हणाल्या, "हे सगळं खरं, पण कादंबरी नसती तर आज या माणसाबद्दल आपण दोन तास बोललो असतो का?" त्यांचंही चूक नव्हतं. वाद काही मिटला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात गेलो. सांगायला लाज वाटते, जन्म बडोद्याचा, पण मी पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं. 'सीता भूमिप्रवेश' समोर उभा राहिलो. धरणीमाता सीतेला पोटाशी धरून नेते आहे. माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, ती आईकडे चालली आहे ना?" पुस्तकात मी हे चित्र कसं आलंय, तेच शोधत होतो. तिने फक्त चित्र पाहिलं.

घरी आल्यावर माळ्यावरून आजीची लक्ष्मीची तसबीर काढली. फ्लॅटचं रंगकाम करताना "जुनाट दिसते" म्हणून मीच ती वर टाकली होती. काच पुसली. आता ती हॉलमध्ये आहे. ती रविवर्मांच्याच छापखान्यातली आहे का, हे अजून तपासायचंय. काका विचारणारच!

पुढच्या महिन्यात प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास'. या वेळी चित्रकार स्वतःच लिहितोय. तुमच्या घरी जुनी तसबीर असेल, तर खाली काढून एकदा नीट बघा आणि तिची गोष्ट आम्हाला जरूर कळवा.