चार घरांत चार मुलगे

मंगरूळपीरच्या एका लग्नघरी आम्ही बसलो होतो. बोलता बोलता मुलगा होण्याच्या औषधाचा विषय निघाला. एक खाला म्हणाल्या, "आमच्या ओळखीच्या चार घरांनी औषध नेलं, चारही घरांत मुलगाच झाला. मुलगी झाली तर पैसे परत!" दोन मुलींची आई असलेली एक सून मान खाली घालून ऐकत होती. तिच्यासाठी आज हा हिशोब.

शंभर बाळंतपणांत पन्नासच्या थोडे वर मुलगे औषधावाचूनच होतात. म्हणजे पुडीत नुसती साखर दिली, तरी निम्म्या घरांत 'गुण' येणारच. चार ठरावीक घरांत चारही मुलगे, ही शक्यता साधारण सोळात एक. पण पुड्या शेकडो घरांत गेल्या असतील, तर अशी चार घरं कुठेही सापडतील. मुलगी झालेली घरं लग्नात ही गोष्ट काढत नाहीत. आणि त्यांचे पैसे परत केले, तरी विकणाऱ्याकडे निम्मी रक्कम उरतेच.

दावा तपासावा कसा, हे २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी दाखवलं. हुशार आणि मतिमंद मुलांच्या २०० पत्रिका गोळा केल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. नाणं उडवलं असतं तरी ४० पैकी २० च्या आसपास उत्तरं बरोबर आली असती. सगळ्यांची सरासरी निम्म्याहूनही कमी निघाली. एकाची २४ बरोबर आली. ती विद्या म्हणावी का? २७ जणांनी नाणी उडवली असती, तर तिघा-चौघांना तेवढी सहज जमली असती.

म्हणून कुणी 'अनुभव' सांगितला की तीन गोष्टी विचाराव्यात. एकूण किती जणांनी घेतलं? किती जणांना गुण आला नाही? काहीच न घेता किती जणांचं तसंच झालं असतं?

मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतानाच बापाच्या बीजावरून ठरतं. नंतरची पुडी ते बदलू शकत नाही. शिवाय लिंगनिवडीची जाहिरात करणं हा कायद्याने गुन्हा आहे.

आणि त्या सुनेला एवढंच सांगायचं आहे: बेटी, तुझ्यात काहीही उणं नाही. पुडीचे पैसे मुलींच्या शाळेसाठी ठेव.