उकाईच्या पाण्यातील मासे कोणाचे?

आषाढ शुद्ध सप्तमीला सुरत शहर तापीमाईचा जन्मदिवस साजरा करते. काठावर आरती होते, नदीला चुनरी अर्पण केली जाते, आणि सूर्यकन्या तपतीची, कुरूच्या त्या मातेची, कथा भाविक मंडळी पुन्हा एकदा ऐकतात. मीही त्या गर्दीत असतो, आणि तापीला आई म्हणताना माझाही कंठ दाटून येतो. परंतु आई म्हटली की तिची सारी लेकरे एका पंक्तीला बसतात, हे आपल्या घरोघरचे साधे तत्त्व. शहरापासून शंभर किलोमीटरच्या आत, तिच्याच पाण्यावर, ते तत्त्व आपण खुशाल विसरतो, अशी माझी तक्रार आहे.

अशाच एका सप्तमीला प्रसाद घेऊन पायऱ्या चढत असता एका परिचित सद्गृहस्थांनी मला गाठले. “वकीलसाहेब, नवापूरकडच्या कोणा आदिवासीचे वकीलपत्र घेतलेत म्हणे! अहो, धरण सरकारचे, पाणी सरकारचे, त्यात सोडलेले मत्स्यबीजही सरकारचे. जो जास्त बोली बोलेल त्याला मासेमारीचा ठेका मिळेल. यात अन्याय तो कसला?” गृहस्थ सज्जन आहेत, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी त्यांनी हात आखडला नव्हता. पायऱ्यांवर उभ्या उभ्या उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नव्हता. ते उत्तर येथे देतो. कारण त्यांचे मत हे एकट्याचे मत नाही, आपल्या बहुतेक सुशिक्षित समाजाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. तापीवरील उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला वल्लभसागर हे नाव आहे. त्याची झळ १७० गावांना लागली. सोनगड, उच्छल, निझर या तालुक्यांतील ही गावे पुढे २००७ साली सुरत जिल्ह्यातून निघालेल्या तापी जिल्ह्यात गेली. पाण्याचा फुगवटा महाराष्ट्राच्या हद्दीतही शिरला. उठवले गेलेले लोक बहुसंख्येने आदिवासी होते: गामित, वसावा, भिल्ल. त्या पाण्यावर खालचा ऊस आणि भात पिकतो, वीज निघते, सुरतेची तहान भागते. वरच्या गावांतील कित्येकांच्या वाट्याला त्याच उसाच्या तोडणीचा कोयता आला. धरण नको होते असे मी म्हणत नाही. त्याचे पाणी मीही पितो. मी एवढेच विचारतो की ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांना निदान त्या पाण्यात जाळे टाकण्याचा हक्क असावा की नसावा?

माझा तो अशील गावित होता. त्याच्या वडिलांची जमीन महाराष्ट्राच्या बाजूला बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तो जवळच्या काठाने होडी लोटी. तो काठ गुजरातेत. एके दिवशी ठेकेदाराच्या माणसांनी त्याचे जाळे उचलून नेले. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे भुसावळ मार्गाने खानदेशात जाणाऱ्या सुरतकरांना सांगायला नको. तेथील एका बाकावर दोन राज्यांची नावे दोन बाजूंना रंगवलेली आहेत. मी त्याला हद्दीचे कलम समजावू लागलो. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, पाण्यात रेघ कुठं आहे ती दाखवा. मी तिच्या अलीकडं राहीन.” वकिलीच्या इतक्या वर्षांत माझी अशी निरुत्तर अवस्था क्वचितच झाली असेल.

आता सद्गृहस्थांच्या मुद्द्यांकडे वळू. बीज सरकारचे, हे क्षणभर मान्य करू. दुसऱ्याच्या शेतात बी आणून पेरणारा माणूस आपल्याकडे अर्धेलीचा वाटेकरी ठरतो. शेताचा धनी ठरत नाही. यावर कोणी म्हणेल, जमिनीचा मोबदला दिला गेला, धनीपण संपले. परंतु तो मोबदला सातबाऱ्यावर जे होते त्याचा. पिढ्यान्‌पिढ्या नदीच्या डोहात बायकामुलांसह मासे धरण्याची जी वहिवाट, ती कोणत्याही उताऱ्यावर नव्हती. आणि जे उताऱ्यावर नाही त्याचे मोल करण्याची रीत नव्हती. लिहून न ठेवलेला हक्क म्हणजे अस्तित्वातच नसलेला हक्क, हा न्याय सोयीचा खरा. त्याला न्याय म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप असा की ही माणसे मुळात शेतकरी, जातीचे मच्छीमार नव्हेत. आक्षेप खरा आहे, पण आक्षेप घेणाऱ्यावरच उलटतो. शेत बुडवले कोणी? पाण्याने. मग ज्या पाण्याने त्यांचा नांगर हिरावून घेतला, त्याच पाण्याने हाती जाळे दिले, तर ‘तू मूळचा कोळी नव्हेस’ असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे?

तिसरा आक्षेप गंभीर आहे. हक्क दिला तर हे लोक लहान-मोठा मासा न पाहता सारे ओरबाडतील आणि जलाशय रिकामा होईल, असे म्हटले जाते. येथे जगाचा अनुभव काय सांगतो ते पाहावे. कारण हा प्रश्न केवळ तापीकाठचा नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नास नदीच्या खोऱ्यात निस्गा नावाचे आदिवासी राहतात. त्यांचे जीवन सामन माशावर उभे. आपल्या भूमीवरील हक्कासाठी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्ज-विनंत्या केल्या. त्यांच्या दाव्यावर १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दावा तांत्रिक कारणाने फेटाळला गेला खरा. परंतु मूळ रहिवाशांचा भूमीवरील हक्क ही कायद्याला ठाऊक असलेली वस्तू आहे, हे त्या निकालाने प्रस्थापित झाले. अखेर त्यांचा, केंद्राचा आणि प्रांताचा असा त्रिपक्षीय करार झाला व तो ११ मे २००० रोजी अमलात आला. त्यात सामनच्या पकडीतील निस्गांचा वाटा ठरवून दिला आहे आणि मत्स्यव्यवस्थेसाठी तिन्ही पक्षांची संयुक्त समिती नेमली आहे. मत्स्यसंवर्धनाला त्यात अग्रस्थान असून शेवटचा अधिकार मंत्र्यांकडेच राहिला आहे. म्हणजे राज्याचे राज्यपण कोठे बुडाले नाही. आणि ओरबाडण्याची भीती? निस्गा लोक नदीत फिरती चाके बसवून वर चढणारे मासे मोजतात, आणि त्या मोजणीचा उपयोग किती पकडावे हे ठरवताना होतो. ज्याचा नातू त्याच पाण्यावर जगणार आहे, तो मासा मोजतो. ज्याचा ठेका मुदतीने संपणार आहे, त्याने कोणासाठी मोजावे?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील जमातींशी १८५४-५५ साली झालेल्या तहांत, गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बरोबरीने मासे धरण्याचा त्यांचा हक्क राखला होता. राज्याने तो जवळजवळ विसरला. न्यायमूर्ती बोल्ट यांनी १९७४ साली ‘बरोबरीने’ या शब्दाचा अर्थ लावला: पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा, आणि संवर्धनाच्या कामातही जमातींचे स्थान मान्य केले. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यतः कायम केला. शंभर वर्षांवर धूळ खात पडलेल्या एका शब्दाने नदीची वाटणी बदलली.

आमच्या गावितापाशी असा तह नाही, हे उघड आहे. मग आहे काय? मत्स्यव्यवसाय हा राज्यघटनेने राज्यसूचीत घातलेला विषय. १९९६ च्या कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवण्यास सांगितले. २००६ च्या वनहक्क कायद्याने, कलम ३ च्या पहिल्या पोटकलमाच्या चौथ्या खंडात, जलाशयांतील मासे व इतर उत्पन्न यांवरील सामूहिक हक्क मान्य केला. कायद्याचा अभ्यासक म्हणून मला कबूल केले पाहिजे की उकाईचा सागर ‘लहान’ नाही आणि बुडालेली सारी भूमी वनभूमीही नव्हती. म्हणजे कायदा दारापर्यंत येतो आणि उंबरठ्यावर थांबतो. तो उंबरठा ओलांडण्यासाठीच करार लागतो.

केवळ कृपेने दिलेली सवलत का पुरत नाही, हे मध्य प्रदेशातील तवा धरणाने दाखवले आहे. तेथील विस्थापितांच्या सहकारी संस्थांच्या संघाला १९९६ साली मासेमारीचा पट्टा मिळाला. दहा वर्षे त्यांनी जलाशय चालवला. मग अभयारण्याच्या कारणावरून २००६ साली पट्टा वाढवण्यास नकार मिळाला, आणि काम चांगले की वाईट हा प्रश्न बाजूलाच राहिला. पट्टा हा देणाऱ्याच्या मर्जीवर जगतो. हक्काला कारण विचारता येते.

आता थोडे घरचे बोलू. गोव्याकडून आलेल्या वाचकांना महाजनकी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. देवस्थान एका कुळाचे नसते, सरकारचेही नसते. ते महाजनांच्या समुदायाचे असते. पोर्तुगीज सरकारने १८८६ साली देवस्थानांसाठी नियमावली केली, तेव्हा परक्या राजवटीलाही तो सामूहिक हक्क पुसून टाकता आला नाही. उद्या कोणी म्हणाले, ‘देऊळ चालवण्याचा ठेका जास्त बोली बोलणाऱ्याला देऊ’, तर आपण काय म्हणू? आपल्या अंगावर शहारे येतील. मग सामूहिक हक्क आपला असला की पवित्र, आणि गाविताचा असला की लिलावाचा माल, हे कोणत्या शास्त्रात बसते?

लिलाव या शब्दाशीही माझे वैर नाही. गोव्याच्या खाजण शेतीत मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावानेच जातो. परंतु तो लिलाव गावची संस्था करते, आणि ते उत्पन्न बांधाच्या दुरुस्तीला लागावे असा संकेत आहे. बोली कोण पुकारतो आणि पैसा कोणाच्या बांधावर पडतो, यावर लिलावाचे पुण्य-पाप ठरते.

माझे मागणे म्हणून मोजके आहे. गुजरात, महाराष्ट्र आणि काठावरील विस्थापित गावे यांनी उकाईच्या मासेमारीविषयी लेखी करार करावा. विस्थापित कुटुंबांच्या सहकारी संस्थांचा वाटा त्यात हक्क म्हणून लिहावा. बीज किती सोडावे, जाळ्याचे डोळे केवढे असावेत, विणीच्या काळात मासेमारी किती दिवस बंद ठेवावी, हे एका संयुक्त समितीने ठरवावे आणि तिच्यात गावांच्या प्रतिनिधींना मत असावे, नुसती खुर्ची नव्हे. पाण्यात रेघ नाही. म्हणून जाळ्याचा परवाना दोन्ही काठांवर चालावा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे दरवाजे उघडले आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, तेव्हा धरणाच्या कारभाराचा जाब आपण मोठ्याने मागितला होता. पाण्याखाली गेलेल्या माणसाला पाण्याच्या कारभारात मत असावे, हे तत्त्व आपणच तेव्हा मांडले. आपण काही दिवस पाण्याखाली होतो. ती गावे अजून तेथेच आहेत.

महाभारतात शंतनू राजा दाशराजाच्या दारी गेला, तेव्हा त्याच्यापाशी सैन्य होते आणि कोळ्यापाशी केवळ एक अट. राजाला बळ वापरता आले असते. त्याने ते वापरले नाही. आणि पुढे देवव्रताने ती अट जन्मभर पाळली, म्हणून तो भीष्म झाला. कोळ्याला दिलेला शब्द पाळणे ही या देशात राजधर्माची कसोटी होती. पुढच्या सप्तमीला चुनरी वाहताना आपण ते आठवावे, आणि आरती संपल्यावर त्या करारासाठी दोन ओळींचा अर्ज लिहावा. त्याखाली पहिली सही माझ्या त्या सद्गृहस्थांचीच असावी, अशी माझी इच्छा आहे.