नाट्यपद बैठकीत येते तेव्हा

संगीत नाटकांतील सुरावटी निवडून त्या केवळ वाद्यवृंदाकरिता बांधण्याची चाल युरोपात जुनी आहे. 'कारमेन'चा कर्ता बिझे हा पहिल्या प्रयोगानंतर तीनच महिन्यांनी, १८७५ साली वारला. मागाहून इतरांनी त्याच्या सुरावटींच्या माला गुंफल्या आणि ज्यांनी ते नाटक कधी पाहिले नाही त्यांच्याही कानी त्या पडल्या. तिकडे गळा जातो व त्याचे काम वाद्य करते. आमच्याकडे गळा राहतो. जाते ते पात्र.

वास्तविक आमची पदे मुळात बैठकीतूनच रंगभूमीवर गेली. 'स्वयंवरा'च्या (१९१६) चाली भास्करबुवा बखल्यांनी रागदारी चिजांच्या आधाराने दिल्या; 'मानापमाना'त (१९११) गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीचा ढंग आणिला. तेव्हा पद बैठकीत परतले तर माहेरीच आले म्हणावयाचे. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ यांनी 'चंद्रिका ही जणू' हे 'मानापमाना'तील पद तबकडीवर गाइले, तेथे धैर्यधर उरला नाही, खाँसाहेबांचा सूर मात्र उरला. आणि तो ऐकून तक्रार करील असा अरसिक आम्हांस भेटावयाचा आहे. कुमार गंधर्वांनी तर 'मला उमजलेले बालगंधर्व' म्हणून पदांचीच स्वतंत्र मैफल मांडली. नावातच नकलेचा नकार आहे.

तथापि सर्वांचेच हात इतके सिद्ध नसतात. विभावांवाचून रस नाही, हे भरतमुनींचे शास्त्र. 'सौभद्रा'तील (१८८२) सुभद्रा दुर्योधनास दिली जाणार म्हणून व्याकुळ आहे; तिच्या पदावर गवयी तानांची फैर झाडू लागला की कन्येच्या आकांताची कसरत होते. आमच्या पांढरकवड्यासारख्या गावी संगीत नाटकाचा प्रयोग आता दुर्मिळ. येथील मुलांस किर्लोस्कर भेटावयाचे ते अशा बैठकीतच, आणि पद कोणाच्या तोंडचे हे तेथे कोणी सांगत नाही! ख्यालानंतर तोंड गोड करावयास एक बत्तासा, इतकाच त्याचा मान.

आमची गायकांस विनंती आहे की, एकाच नाटकाची चार पदे कथानकाच्या क्रमाने घ्यावीत. नारद, अर्जुन, सुभद्रा, कृष्ण अशी 'सौभद्रा'ची माला सहज होईल. मध्ये प्रसंगाची दोन वाक्ये सांगावीत, आणि यतिवेषातील अर्जुन येतो तेथे पेटीवाल्यास क्षणभर एकट्याने वाजवू द्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. तबला, पेटी व सारंगी एवढा सरंजाम त्यास पुरे.