घोंगडीची पूजा आणि मेंढीची वाट

कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडीच्या बनात बिरोबाच्या नावाने ढोल घुमू लागले की भंडाऱ्याने वाटा पिवळ्या होतात, कैताळ खणखणतात आणि गजीची रिंगणे रंगतात. पाहणारा धन्य होतो. परंतु ही कला कोणत्या साहित्यातून उभी राहिली, याचा विचार क्वचितच होतो.

या कलेने वेगळी सामग्री मागितली नाही. पावसात डोक्यावर घ्यावयाची आणि रात्री अंगाखाली अंथरावयाची घोंगडी हेच देवाचे आसन झाले. रानोमाळ भटकताना साठलेले अनुभव धनगरी ओवीत उतरले. थोडे गावे, थोडे सांगावे, अशा रीतीने बिरोबाची कथा रात्रभर चालते. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ साली बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांच्यावरील ग्रंथाद्वारे हे धन विद्वानांपुढे मांडले.

या कलेमागचा धंदा मात्र पडद्याआडच राहिला. सुगीनंतर मेंढरे रात्री शेतात बसतात, लेंडीखत देतात आणि पुढल्या रानाकडे निघून जातात. पीक सर्वांना दिसते. ती रात्र कोणाला दिसत नाही. घोंगडीचेही तसेच. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरावी, घरच्या स्त्रियांनी ती चरख्यावर कातावी, सनगराने मागावर विणावी आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करावी, तेव्हा कोठे ती खांद्यावर येते.

आज ही साखळी तुटू लागली आहे. शेजारच्या जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी मांसासाठी नावाजलेली, पण तिच्या अंगावर लोकर बेताचीच. मांसाला भाव आहे, लोकरीला गिऱ्हाईक नाही. मेंढपाळाने काय निवडावे? त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी या दुष्काळी माळावर आणले, द्राक्षबागा फुलल्या. त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र बागेला कुंपण पडते तेव्हा मेंढरांची वाटही अडते, हे विसरून चालणार नाही.

व्यासपीठावर गजीनृत्याचा सत्कार करावयाचा आणि खांद्यावर यंत्रावरचे ब्लँकेट घालावयाचे, यात कलेचा गौरव नाही. धंदा मेला की त्याच्या अवजारांची केवळ सजावट उरते. म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. नवरात्रात पूजेसाठी घोंगडी घेणाऱ्याने हातकताईची मागावी आणि तिचा योग्य मोल द्यावा. ग्रामपंचायतींनी गायरानातील चराईची जागा व जुन्या वाटा मोकळ्या राखाव्यात. देवापुढे घोंगडी हवी आणि बांधावर मेंढी नको, ही भक्ती अपुरी आहे. बिरोबा स्वतः मेंढरांमागे चालणाऱ्यांचा देव. त्याच्या उत्सवात त्या चालणाऱ्यांना वाट मिळावी, एवढेच आमचे मागणे.